वस्ताद, पोरगं भित्रं झालेलं नाही, आजारी असू शकतं

करवीर भागातल्या एका तालमीचे वस्ताद विचारतात :

"माझ्याकडं १९ वर्षांचा पैलवान आहे, ६५ किलो गटात खेळतो. दोन वर्षांपूर्वी राज्य स्पर्धेत पदक होतं. गेल्या वर्षी खांदा निखळला, ऑपरेशन झालं. फिजिओनं मोकळा केला त्याला चार महिने झाले, पण पोरगं जागेवर नाही. पहाटे तीनला उठून बसतं. जोड धरायला टाळतं. वजनाच्या आदल्या दिवशी पोटात कळ येते म्हणतं. परवा कुस्ती हरल्यावर म्हणालं, 'वस्ताद, मी नसतो तर घरच्यांचं बरं झालं असतं.' वडिलांनी खुराकासाठी कर्ज काढलंय. तालमीत कोण म्हणतं भित्रा झालाय. कोण म्हणतं, डोक्याच्या डॉक्टरच्या गोळ्या घेतल्या की डोपमध्ये सापडतो आणि नोकरीचं दारही बंद होतं. पोरगं मनानं कमकुवत आहे की आजारी? गोळ्या चालतात का? आणि मी काय करू?"

वस्ताद, नमस्कार. मी कोल्हापुरात बावीस वर्षं मानसोपचार करते. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं माझ्याकडं खेळाडू येतात : पैलवान, धावपटू, नेमबाज, कबड्डीची पोरं. तुमचे तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्याआधी तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य घेते. 'मी नसतो तर बरं झालं असतं' हे हरल्याच्या रागात निघालेलं बोलणं आहे की आत मुरलेला विचार, हे बाहेरून कळत नाही. ते विचारूनच कळतं, आणि ते आजच विचारायला हवं.

संध्याकाळची मेहनत आटोपली, बाकीची पोरं आंघोळीला गेली, की त्याला बाजूला घ्या. शेजारी बसा, समोर उभं राहून बोलू नका. आणि सरळ विचारा : "परवा तू जे बोललास ते माझ्या डोक्यातून जात नाही. जगायला नको असं वाटतं का तुला? स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" असं विचारलं तर नसलेला विचार पोराच्या डोक्यात घुसेल, ही भीती मी आईबापांच्या, शिक्षकांच्या, वस्तादांच्या तोंडून कायम ऐकते. तसं होत नाही. उलट आतल्या आत कोंडलेलं बोलायला कुणीतरी परवानगी दिली, असं त्या पोराला वाटतं. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी पैलवानांनी हा प्रश्न ऐकल्यावर पहिल्यांदा लांब श्वास सोडलेला मी पाहिलाय.

तो 'हो' म्हणाला, किंवा उत्तर टाळून खाली बघत राहिला, तर त्या रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका. घरी कळवा. शेतकऱ्याचं घर असेल तर तणनाशक, कीटकनाशक जे काही असेल ते कुलपात जाऊ दे आणि किल्ली मोठ्या माणसाकडं राहू दे. हे ऐकायला कठोर वाटेल, पण अशा अवघड घटका येतात आणि जातात, आणि त्या घटकेत हाताशी काही नसणं हेच बऱ्याचदा जीव वाचवतं. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडं न्या. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. तो चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःही त्यावर सल्ला विचारू शकता.

आता तुमचा पहिला प्रश्न, कमकुवत की आजारी.

मी स्वतःला एक गोष्ट विचारते : बिघाड मॅटवरच आहे, की मॅटच्या बाहेरही पसरलाय? नुसता फॉर्म गेलेला पैलवान कुस्तीत खचतो, पण गावच्या जत्रेत हसतो, पुतण्याला खांद्यावर घेतो, मटणाच्या ताटावर बसतो. आजार आला की हे सगळंच बेचव होतं. पहाटे तीनला जाग येणं आणि मग डोक्यात तेच ते विचार फिरत राहणं, दोन आठवड्यांहून जास्त चालणारी उदासी, भूक मेलेली किंवा रात्रीच भडकलेली, साध्या गोष्टीवर चिडणं, आणि 'मी सगळ्यांवर ओझं आहे' ही भावना. हे एकत्र दिसलं की मी त्याला डिप्रेशन म्हणते आणि तसेच उपचार करते. पुरुष पैलवानात ते रडण्यातून कमी आणि चिडण्यातून, अंगदुखीतून, पोटाच्या कळेतून जास्त बाहेर येतं. वजनाच्या आदल्या दिवशीची ती कळ मला म्हणूनच खोटी वाटत नाही. आतडं आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंचा थेट रस्ता आहे. घाबरलेल्या मेंदूमुळं पोट खरोखर मुरडतं.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं अव्वल खेळाडूंच्या मानसिक आरोग्यावर तज्ज्ञांचं एकमताचं निवेदन काढलं. त्यांनी तपासलेल्या अभ्यासांत वर्षभरात मानसिक त्रास असलेल्या खेळाडूंचं प्रमाण ५ टक्क्यांपासून ३५ टक्क्यांपर्यंत निघालं. म्हणजे तीस पोरांच्या तालमीत दोन-चार तरी अशी असणारच, तुम्हाला दिसोत वा न दिसोत. शरीर पोलादी असलं म्हणून मेंदूला सूट मिळत नाही. तुमच्या पोराचा खांदा निखळला तेव्हा त्याला कुणी खांद्यानं कमकुवत म्हणालं नाही. हा तसाच बिघाड आहे, फक्त एक्स-रेमध्ये दिसत नाही.

पण डिप्रेशन म्हणण्याआधी मी दुसरी चार कारणं धुंडाळते, आणि तुमची मदत लागते ती तिथंच, कारण ती माहिती तालमीत असते, माझ्या दवाखान्यात नसते.

पहिलं कारण अति मेहनतीचं. दुखापतीमुळं कित्येक महिने बाहेर राहिलेला पैलवान परत आला की मागचं सगळं एका महिन्यात भरून काढायला बघतो. मेहनत वाढते, झोप तीच राहते, आणि ताकद वाढायच्या ऐवजी उतरते. त्याला सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, नाडी मोजायला सांगा आणि आठवडाभर वहीत लिहायला लावा. नेहमीपेक्षा ती बरीच वर राहत असेल आणि दोन आठवडे मेहनत निम्म्यावर आणल्यावर पोरगं खुलत असेल, तर दुखणं मुख्यतः थकव्याचं आहे. दुसरं कारण रक्ताचं. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉईड, बी-१२, ड जीवनसत्त्व, एवढ्या तपासण्या मी पहिल्या भेटीतच सांगते. दूध-तूप-बदाम भरपूर असलेल्या पोरातही लोह कमी निघतं. तिसरं डोक्याचा मार. कुस्तीत डोक्याला डोकं लागतं, पोरगं दोन मिनिटं बसतं आणि परत उभं राहतं, आणि ते कुणी लिहून ठेवत नाही. पुढं आठवडेच्या आठवडे झोप बिघडणं, चिडचिड, उजेड नकोसा होणं हे त्या मारामुळं असू शकतं.

चौथ्या कारणाबद्दल जरा थांबून बोलते, कारण त्याबद्दल तालमीत बोललं जात नाही. खांद्याच्या दुखापतीनंतर 'लवकर भरून येईल' म्हणून कुणी त्याला इंजेक्शन दिलंय का? ॲनाबॉलिक स्टेरॉइड, म्हणजे स्नायू वाढवणारं औषध, बाहेरून आलं की शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बनवणं थांबवतं. इंजेक्शन बंद केलं की शरीराचा कारखाना पुन्हा सुरू व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. त्या मधल्या काळात पोरगं अक्षरशः रिकामं होतं. उत्साह नाही, झोप नाही, ताकद नाही, आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचारही याच काळात येतात. उंचीला, बांध्याला, स्वभावाला धडधाकट असलेली पोरं या खड्ड्यात पडलेली मी बघितली आहेत. त्याला विचाराल तेव्हा आवाजात दम देऊ नका. "घेतलं असशील तर मला राग नाही, डॉक्टरला मात्र खरं सांगायला लागेल" एवढंच म्हणा. दम दिला की तो खोटं बोलेल, आणि मी चुकीच्या आजाराला औषध देत बसेन.

वजनाची गोष्ट वेगळी काढते, कारण माझ्या मते पैलवानांच्या मनाचे निम्मे आजार तिथून सुरू होतात आणि आपण सगळे ते कुस्तीचाच भाग म्हणून सोडून देतो.

७ ऑगस्ट २०२४ ची सकाळ तुम्हालाही आठवत असेल. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० किलोच्या अंतिम लढतीआधी विनेश फोगाटचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि ती बाद झाली. रात्रभर ती न खाता, न झोपता वजन उतरवत होती. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतनं कांस्यपदकाच्या कुस्तीआधी दहा तासांत ४.६ किलो उतरवले, तेव्हा आपण सगळ्यांनी त्याच्या जिद्दीचं कौतुक केलं. मीही केलं. पण डॉक्टर म्हणून त्या दहा तासांचा विचार केला की मला धडकी भरते. नोव्हेंबर आणि डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत पाठोपाठ तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत वाफेच्या खोल्या आणि रबरी सूट बंद झाले, आणि वजन करायची वेळ कुस्तीच्या वेळेच्या जवळ आणली गेली.

शरीराचं तर झालंच, पण उपाशी मेंदूचं काय होतं तेही माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीनं सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ही मुलं निवडून घेतलेली होती, मनानं खंबीर होती. काही महिन्यांत ती उदास झाली, चिडखोर झाली, एकमेकांना टाळू लागली, दिवसभर जेवणाचाच विचार करू लागली, आणि प्रयोग संपल्यावर कित्येकांचं खाणं बराच काळ ताळ्यावर आलं नाही. त्यातला एकही जन्माचा भित्रा नव्हता. भुकेनं माणसाचा स्वभावच बदलला होता. आता तुमचं पोरगं बघा. एरवी ७२ किलोचं असणार, दर स्पर्धेला ६५ ला उतरणार, स्पर्धा संपली की दोन दिवसांत परत वर जाणार, आणि हे वर्षात पाच-सहा वेळा. असं वर-खाली होणाऱ्या शरीरात मन स्थिर राहावं ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याचं रोजचं वजन काय असतं ते मला कळवा. पाच टक्क्यांहून जास्त उतरवावं लागत असेल तर या वर्षी त्याला वरच्या गटात खेळवा, असं मी स्पष्ट सांगेन. वरच्या गटात दोन कुस्त्या हरेल. हरू दे.

खांद्याबद्दलही बोलायला हवं. फिजिओनं मोकळं केलं म्हणजे सांधा मोकळा झाला. ज्या डावात तो निखळला, तो डाव समोरच्यानं धरला की त्याचा मेंदू अजूनही 'थांब' म्हणतो, आणि पोरगं अर्ध्या पळासाठी आखडतं. कुस्तीत अर्धा पळ म्हणजे चितपट. हरलेला पैलवान हे 'मी घाबरलो' असं वाचतो, तालीमही तसंच वाचते. ही भीती उतरवायची पद्धत ठरलेली आहे. तो डाव आधी हळू, ओळखीच्या, विश्वासाच्या जोडीबरोबर, थांबवायचा हक्क त्याच्याकडं ठेवून. मग वेग वाढवत. मग अनोळखी जोडीबरोबर. प्रत्येक पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबायचं, मगच पुढं. हे काम माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं जमेल. मी फक्त पायऱ्या आखून देईन.

आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट असते. गावात त्याला नावानं कोण ओळखतं? 'पैलवान' म्हणूनच ओळखतात ना? दहाव्या-बाराव्या वर्षी पोरगं तालमीत येतं, शाळा मागं पडते, मित्र तालमीतले, झोपणं-जेवणं तालमीत. खांदा गेला तेव्हा त्याची नुसती कुस्ती थांबली नाही, त्याचं अख्खं माणूसपण थांबलं. त्यात घरचं कर्ज. दुधाच्या प्रत्येक पेल्यात त्याला बापाचा हप्ता दिसत असणार. वडिलांना भेटा आणि त्यांना एकच विनंती करा, माझ्या वतीनं करा : खर्चाचा विषय काही महिने पोरासमोर काढू नका. प्रेमानंसुद्धा नको. "तुझ्यासाठी एवढं करतोय" हे वाक्य बापाच्या तोंडी माया असते आणि पोराच्या कानात वजनकाटा होतो.

आता गोळ्या आणि डोप. इथं तालमीत फिरणारी माहिती अर्धवट आहे आणि त्या अर्धवट माहितीपायी पोरं उपचाराविना राहतात, म्हणून नावानिशी सांगते.

डिप्रेशन आणि चिंतेवर आम्ही सर्वांत जास्त वापरतो त्या गोळ्या म्हणजे फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम. या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, बंदी यादीत नाहीत. स्पर्धेत नाहीत, स्पर्धेबाहेरही नाहीत. पैलवान त्या घेऊन मॅटवर उतरू शकतो. त्यांची सवय लागत नाही, मात्र त्या मनानं अचानक बंद करायच्या नसतात. असर दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, थोडी बेचैनी, झोपेत फरक असं होऊ शकतं. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता आणि जिवाबद्दलचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात मी दर आठवड्याला बोलावते आणि घरच्यांना डोळ्यात तेल घालून राहायला सांगते. मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर मी शक्यतो नवी गोळी सुरू करत नाही, पण पोराचा जीव धोक्यात असेल तर स्पर्धा बघत नाही.

मात्र मानसोपचारातली प्रत्येक गोळी खेळाडूला चालते असंही नाही. लक्ष न लागण्याच्या आजारावरचं मिथाइलफेनिडेट स्पर्धेच्या काळात बंदी असलेलं आहे. मोडाफिनिलही तसंच. खरोखर गरज असेल तर उपचारासाठीची विशेष परवानगी आधी काढावी लागते, आपल्याकडं ती नाडाकडून, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडून, मिळते. अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सची वैद्यकीय माहिती २०१६ मध्ये हॅकर्सनी फोडली, तेव्हा जगाला कळलं की ती लहानपणापासून अशा आजाराचं औषध घेते, आणि परवानगी घेऊनच घेते. तिनं ते लपवलं नाही, लाजलीही नाही. प्रोप्रॅनोलॉल ही हातापायाची थरथर आणि धडधड कमी करणारी साधी, स्वस्त गोळी. कुस्तीत तिला बंदी नाही, पण नेमबाजी आणि तिरंदाजीत ती वर्षभर बंद आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं याच गोळीनं गेली. आपल्या जिल्ह्यात नेमबाज पोरंपोरी भरपूर आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते. गावातला डॉक्टर परीक्षेच्या भीतीला जी गोळी सहज लिहून देतो, ती नेमबाजाची कारकीर्द संपवू शकते.

बंदी नसलेल्या पण पैलवानाला न मानवणाऱ्या गोळ्याही असतात. मिरटाझापिन किंवा ओलान्झापिननं झोप छान लागते, पण भूक आणि वजन वाढतं. ६५ किलोच्या पोराला ते महाग पडतं आणि तो गुपचूप गोळी बंद करतो. लिथियम, म्हणजे मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध, ही सर्वांत जपून द्यायची गोष्ट. घाम गाळून, पाणी तोडून वजन उतरवणाऱ्या पैलवानाच्या रक्तात लिथियम विषारी पातळीला जाऊ शकतं. म्हणून लिहून देणाऱ्या डॉक्टरला तो पैलवान आहे आणि वजन उतरवतो, हे सांगितलंच पाहिजे. डॉक्टर विचारत नसेल तर तुम्ही सांगा. वाडाची यादी दरवर्षी १ जानेवारीला नवी लागू होते. नाडाचं 'नो युअर मेडिसिन' नावाचं ॲप आहे, त्यात औषधाचं नाव आणि खेळ टाकून बघता येतं. मी स्वतः प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक चिठ्ठीला ते बघते, बावीस वर्षांनंतरही.

खरं सांगायचं तर पोरं डोपमध्ये सापडतात ती माझ्या गोळ्यांनी क्वचित. सापडतात ती लेबल नसलेल्या पावडरीच्या डब्यांनी, वजन उतरवायला घेतलेल्या लघवीच्या गोळ्यांनी, कुणा ओळखीच्यानं दिलेल्या ताकदीच्या पुड्यांनी. लघवीच्या गोळ्या तर बाराही महिने बंदी यादीत आहेत. आणि शरीरात काय सापडलं याची जबाबदारी शेवटी खेळाडूवरच येते, कुणी दिलं हे विचारात घेतलं तरी.

नोकरीच्या भीतीबद्दल : २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक केलंय. मी काय औषध देते, तो माझ्याशी काय बोलला, हे त्याच्या संमतीशिवाय संघटनेला, निवड समितीला, कुणालाही सांगता येत नाही. वस्ताद, तुम्हालासुद्धा नाही. ही गोष्ट तुम्हाला खटकेल, कारण तालमीत पोराचं काही वस्तादापासून लपलेलं नसतं. पण तो दरवाजा बंद राहील याची खात्री असेल तरच तो आत बोलेल. त्याच्या जिवाला धोका असेल तर मात्र मी गप्प बसणार नाही, आणि हे मी पहिल्याच भेटीत त्याला सांगून ठेवते.

कुणाकडं जायचं यातही गोंधळ असतो. क्रीडा मानसशास्त्रज्ञ एकाग्रता, लढतीआधीची तयारी, ताण पेलणं यावर काम करतात. ते डॉक्टर नसतात, गोळ्या देत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आजार ओळखणारा आणि औषध देऊ शकणारा डॉक्टर. खेळाडूंसाठीची मानसोपचाराची शाखा १९९० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आली, आपल्याकडं ती अजून फार थोड्या ठिकाणी आहे. तुमच्या पोराला पहिल्यांदा डॉक्टरची गरज आहे. झोप आणि उदासी सुधारली की मानसशास्त्रज्ञाचं काम सुरू होईल. उलटा क्रम केला तर आजारी पोराला 'सकारात्मक विचार कर' शिकवलं जातं, आणि तेही जमलं नाही म्हणून ते आणखी खचतं.

त्याला पटवायला मोठी नावं लागली तर घ्या. नेमबाज अभिनव बिंद्रानं २००८ मध्ये देशाला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण दिलं आणि त्यानंतर आपण नैराश्यात गेलो, हे त्यानं उघड सांगितलंय. जिंकल्यावरसुद्धा हे होतं. आपल्या मुंबईची क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्ज ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढून विश्वचषकाच्या उपांत्य फेरीतून संघाला अंतिम फेरीत नेते, आणि सामना संपल्यावर सांगते की त्या स्पर्धेत ती चिंतेनं ग्रासली होती, जवळजवळ रोज रडत होती, आईला फोन करून मन मोकळं करत होती, आणि मैत्रिणी तिच्या शेजारी येऊन बसत होत्या. मला त्या १२७ धावांइतक्याच त्या शेजारी येऊन बसणाऱ्या मैत्रिणी मोठ्या वाटतात. तुमच्या तालमीत त्याच्या शेजारी कोण बसतं?

आता तुम्ही काय करायचं. त्याला तालमीतून घरी पाठवू नका. विश्रांतीच्या नावाखाली गावी पाठवलेलं पोरगं आणखी एकटं पडतं. मेहनत हलकी करा, पण जागा काढून घेऊ नका. जोर-बैठका थोड्या, लहान पोरांना डाव दाखवायचं काम, सकाळचा माती उकरायचा मान. पुढची निवड चाचणी सोडायची की नाही हे आत्ता ठरवू नका, आणि त्याच्यावरही ते ठरवायची सक्ती नको. पहाटे साडेचारच्या मेहनतीतून त्याला निदान एक महिना सूट द्या, साडेसहाला येऊ दे. औषध काहीही दिलं तरी पाच तासांच्या झोपेवर मन सुधारत नाही. बाकीच्या पोरांसमोर खुलासा करू नका. कुणी 'भित्रा' म्हणालं तर "तो उपचार घेतोय, खांद्यासारखंच आहे" एवढं तुमच्या तोंडून एकदा निघालं की पुरे. तालमीत तुमचा शब्द माझ्या चिठ्ठीपेक्षा जड आहे.

तुमच्याकडं मुली असतील तर आणखी एक गोष्ट. वजनापायी किंवा मेहनतीपायी तीन महिने पाळी आली नाही तर ते शरीर उपाशी असल्याचं लक्षण आहे. ती सोय नव्हे. हाडं, हृदय आणि मन तिन्ही त्यात झिजतात. आणि एखादी मुलगी अचानक एखाद्या माणसाबरोबर प्रवासाला, सरावाला नकार देऊ लागली, तर तिला नाटकी म्हणण्याआधी कारण विचारा. अठराच्या आतल्या मुलीवर किंवा मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तुम्हालाही आणि मलाही.

डॉक्टरकडं येताना त्याच्या वजनाची वही आणा. ऑपरेशनचे कागद आणि तेव्हाच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणा. तो खातो त्या प्रत्येक डब्याचा, पुडीचा फोटो मोबाइलमध्ये घ्या, लेबल नसलं तरी. वडील आले तर उत्तम. पण पहिला अर्धा तास तो एकटा आत बसेल, तुम्ही दोघं बाहेर थांबाल, आणि बाहेर आल्यावर "काय झालं आत?" असं त्याला विचारणार नाही, एवढं आधीच ठरवून या.